भाच्यानं तालीम सोडली. छातीच्या गाठींचं ऑपरेशन करावं का?

यळ्ळूरचा_मामा (धागाकर्ता), ६ जुलै, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. इथं मी भाताच्या आणि कुस्तीच्या धाग्यांवर लिहितो. असला विषय पहिल्यांदाच काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा भाचा १९ वर्षांचा, लहानपणापासनं आमच्याकडंच वाढलाय. सातवीपासनं तालमीत जायचा. गेल्या दिवाळीपासनं जायचा बंद झाला. विचारलं की "अभ्यास आहे मामा" म्हणायचा, आम्ही खरं मानलं. परवा रोप लावणीला पावसात भिजला. बनियन अंगाला चिकटलं होतं. मी बांधावरनं हाक मारली तसे त्यानं दोन्ही हात छातीवर घेतले आणि पाठ फिरवून उभा राहिला. रात्री जेवण झाल्यावर गोठ्यात गाठला आणि बसवून विचारलं. पोरगं रडलं.

चौदाव्या वर्षापासनं दोन्ही बाजूला बोंडाखाली चकतीसारखी गाठ आहे, आणि छाती बाईमाणसासारखी दिसते म्हणतोय. उन्हाळ्यातसुद्धा दोन बनियनं घालतो हे मला पाच वर्षं कळलं नाही. तालमीतली पोरं नाव ठेवायची. लंगोट लावून मातीत उतरायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा.

आईचं, म्हणजे त्याच्या आजीचं म्हणणं असं की वयात येताना पोरांना होतं आणि आपोआप जातं, चाकू लावू नका. एका डॉक्टरांनी मलम दिलं, ते चार महिने लावलं, काही फरक नाही. भाचा म्हणतो, ऑपरेशन करा नाहीतर मी पुण्याला जाऊन कुठंतरी काम बघतो. मी मधेच अडकलोय. कुणाला अनुभव असला तर सांगा की वो. बेळगावात करावं, कोल्हापूर-मिरजेला जावं, की अजून थांबावं?

निपाणीकर, ६ जुलै, रात्री १०.५५

मामा, घाबरू नका. मलाही दहावीत होतं. एका बाजूला सुपारीएवढं, दुखायचंसुद्धा. बारावी होईपर्यंत गेलं. आज्जी बरोबर म्हणालीत.

खानापूर_एक्सप्रेस, ६ जुलै, रात्री ११.३०

निपाणीकर, तुमचं गेलं, माझं गेलं नाही. मी २७ व्या वर्षी ऑपरेशन केलं. त्याआधीची तेरा वर्षं कशी काढली ते सांगतो, कारण मामांच्या भाच्याला वाटत असेल की आपण एकटेच आहोत.

शाळेत पीटीला शर्ट काढायचा असायचा तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून बसायचो. कॉलेजात असताना मित्र असोग्याला नदीत पोहायला जायचे, मी कपडे राखायला. लग्नाच्या वेळी हळदीला उघड्या अंगानं बसायचं, हा विचार करून मी दोन स्थळं टाळली. खरं कारण घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मोठ्या वहिनीला कळलं, ती नर्स आहे. ती म्हणाली, "हे गायनेकोमास्टिया आहे, म्हणजे पुरुषाची स्तनवाढ. याला नाव आहे आणि याला इलाज आहे." नाव आहे हे ऐकूनच मला निम्मं बरं वाटलं.

ऑपरेशन साधारण दोन तास चाललं. सकाळी ॲडमिट, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. बोंडाभोवतीच्या काळ्या कडेच्या खालच्या अर्ध्या गोलावर एक टाका आणि बगलेकडं बारीक छेद. सहा आठवडे घट्ट जॅकेट घातलं. आज जवळून बघितलं तरच खूण दिसते.

रोखठोक_गोकाक, ७ जुलै, सकाळी ७.१०

कुणाला राग आला तरी चालेल. तरण्या पोराच्या अंगावर चरबी आहे म्हणून थेट ऑपरेशन? जोर मारा, बैठका काढा, भात कमी करा, छाती बसते. देवानं दिलेल्या शरीराला चाकू लावायची ही नवी फॅशन झालीय. डॉक्टरांना गिऱ्हाईक पाहिजे, बाकी काही नाही.

खानापूर_एक्सप्रेस, ७ जुलै, सकाळी ८.०५

रोखठोक, तो पोरगा पैलवान आहे. दिवसाला पाचशे बैठका मारणाऱ्याला तुम्ही बैठका मारायला सांगालाय. मीही दोन वर्षं जिम केली. छातीचे स्नायू वाढले आणि त्यावरची गाठ आणखी पुढं आली.

शल्यविशारद_मिरज, ७ जुलै, रात्री ९.१५

मी सर्जन आहे. इथं कुणाला तपासलेलं नाही, तेव्हा हा सल्ला नव्हे, माहिती समजा. पण मामांचा प्रश्न मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

आज्जी, निपाणीकर, खानापूर आणि रोखठोक, चौघांच्याही म्हणण्यात खरं आहे. ते वेगवेगळ्या मुलांबद्दल खरं आहे, एवढंच.

वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना बोंडाखाली थोडीफार गाठ येते. त्या वेळी शरीरातलं इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) यांचा तोल हललेला असतो. बहुतेकांची गाठ सहा महिने ते दोन वर्षांत विरते. म्हणून तेरा-चौदाच्या मुलाला घेऊन आई आली की मी समजावून सांगून परत पाठवतो. पण वर्षभराहून जास्त राहिलेली गाठ हळूहळू तंतुमय, घट्ट होते. मग ती मलमानं जात नाही आणि व्यायामानंही जात नाही. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी काही वेळा देतात, तीसुद्धा सुरुवातीच्या काळात, गाठ दुखरी असताना उपयोगी पडते. पाच वर्षं झालेल्या गाठीला गोळीचा फारसा उपयोग नसतो. भाच्याचं चौदाव्या वर्षापासनं आहे, म्हणजे 'आपोआप जाईल' ही मुदत उलटून गेली आहे.

आता रोखठोकांचा मुद्दा. नुसती चरबी असेल तर त्याला खोटी स्तनवाढ म्हणतात आणि तिथं वजन कमी करणं हाच पहिला उपाय, हे त्यांचं बरोबर आहे. फरक कसा ओळखायचा? मुलाला उताणं झोपवून अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी बोंडाकडं सरकवत आणायची. मधे रबरासारखी घट्ट चकती लागली तर ती स्तनाची ग्रंथी. बोटं अडथळा न लागता एकमेकांना भेटली तर चरबी. पुष्कळांमध्ये दोन्ही असतं.

पण ऑपरेशनच्या आधी कारण शोधायचं. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. पोटाचा आणि वृषणांचा तपास झालाच पाहिजे, कारण वृषणातली गाठ कधीकधी पहिल्यांदा छातीवर दिसते. यकृत, किडनी, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, बीटा-एचसीजी यांतल्या गरजेच्या रक्ततपासण्या होतात. उंच, सडपातळ, वृषण लहान अशा मुलात क्लाइनफेल्टर म्हणजे एक्स गुणसूत्र जास्तीचं आहे का ते बघतात. आणि औषधं विचारायची. पित्ताच्या सिमेटिडीनपासून बुरशीच्या कीटोकोनॅझोलपर्यंत, केसांसाठीच्या फिनास्टेराइडपर्यंत यादी लांब आहे. जिममधली इंजेक्शनं आणि 'पावडरी' तर आहेतच. मामा, हे भाच्याला एकट्यात आणि न रागावता विचारा.

एकाच बाजूला, मधोमध नसलेली, दगडासारखी गाठ, बोंड आत ओढलेलं किंवा त्यातून रक्त, बगलेत गाठ, असं असेल तर थांबायचं नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण शंभर रुग्णांतला एक पुरुष असतो. भाच्याच्या वयात हे फार दुर्मीळ, पण धागा मोठी माणसंही वाचतात.

यळ्ळूरचा_मामा, ८ जुलै, रात्री ९.४०

डॉक्टर, तुमचे उपकार. न रागावता विचारलं. गेल्या वर्षी शहरातल्या एका जिममध्ये तीन महिने गेला होता, छाती "कट" होईल म्हणून. तिथं कुणीतरी गोळ्या दिल्या, रोज एक. पाकीट अजून त्याच्या ट्रंकेत आहे. फोटो काढून ठेवलाय.

शल्यविशारद_मिरज, ८ जुलै, रात्री १०.१०

पाकीट घेऊनच जा डॉक्टरांकडं. अशा गोळ्यांत बहुधा ॲनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारं औषध असतं, आणि त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यानं मूळची गाठ वाढली असणार. आणि ऑपरेशननंतर परत घेतल्या तर ग्रंथीचा जो थर आत ठेवलेला असतो तो पुन्हा वाढू शकतो.

चंदगडी, ९ जुलै, दुपारी १.३०

औषधांवरनं आठवलं. आमचे बाबा ६८ वर्षांचे, हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू होतं. डाव्या छातीत गाठ, शर्ट घासला तरी दुखायची. कॅन्सरच असणार म्हणून सगळं घर गळाठलं. सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी गोळी बदलून एप्लेरेनोन दिली, तीन महिन्यांत गाठ बसली. स्वतःहून मात्र गोळी बंद करू नका, हृदयाची आहे.

शेवंती, ९ जुलै, रात्री १०.४५

दोन दिवस हा धागा वाचतेय आणि लिहू की नको करतेय. भाच्याचं वाचून धीर आला. त्याला सांगा, बायकांनाही हे असतं, आणि आम्हीही हात छातीवर घेऊनच जगतो.

मी शहापूरला राहते, शाळेत शिकवते, वय ४३. दुसऱ्या बाळंतपणानंतर छाती इतकी वाढली की फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात वर केला की मानेत कळ जायची. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या होत्या, बोट बसेल एवढ्या खोल. चैत्र-वैशाखात छातीखालच्या घडीत कातडी लाल होऊन पाणी सुटायचं. पावडर, मलम, सुती रुमालाची घडी ठेवायची, सगळं करून झालं. वर्गात पोरं हसली तर ती आपल्यालाच हसली असं वाटायचं.

मानेसाठी मी सात वर्षं फिरले. पट्टा झाला, शेक झाला, एमआरआय झाला. कुणीही छातीकडं बोट दाखवलं नाही, कारण मीच पदर दोन्ही खांद्यांवरनं ओढून बसायची. शेवटी हाडांच्या एक डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी पदर काढायला सांगितलं, खाचा बघितल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला माझी नाही, प्लास्टिक सर्जनची गरज आहे." सासूबाई म्हणाल्या, पदर नीट घेतलास तर दिसत नाही. हे म्हणाले, दिसण्याचा प्रश्न नाही आई, ती रात्री कूस बदलताना उठून बसते. त्या एका वाक्यासाठी मी यांची आयुष्यभर ऋणी आहे.

ऑपरेशन कोल्हापुरात झालं. आधी मॅमोग्राफी, साखर, रक्तदाब. चारेक तास लागले. एका बाजूनं साडेसहाशे ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूनं सातशेच्या वर निघालं आणि ते सगळं तपासायला पाठवलं. येताना गाडीच्या पट्ट्यात आणि छातीत उशी धरून बसले होते, तरी हायवेवरचा एकेक खड्डा कळला. तिसऱ्या आठवड्यात उलट्या टीच्या जोडावर, जिथं उभा आणि आडवा टाका भेटतो, तिथं थोडं उघडलं. ड्रेसिंग करून महिन्यात भरलं. एका बोंडाला सहा महिने जाणीव नव्हती, नंतर आली. पण मानेचं दुखणं? दुसऱ्या दिवशी पलंगावर उठून बसले तेव्हाच खांदे हलके झाल्याचं कळलं.

सुईदोरा, १० जुलै, सकाळी ११.२०

शेवंतीताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मी वडगावात चोळ्या शिवते, बावीस वर्षं झाली. टेप लावताना बायका सगळं सांगतात. "मापाला सैल ठेव, पुढनं गडद कापड लाव, कटोरी नको, साधी शिव." खाचा मी शेकडो बायकांच्या खांद्यांवर बघितल्यात. मला वाटायचं, पट्टी रुंद केली की भागतं. यावर ऑपरेशन असतं हे मला माहीतच नव्हतं हो. आकार कसा करतात? नुसतं कमी करून भागत नसणार, कातडीचं काय?

शल्यविशारद_मिरज, १० जुलै, रात्री ९.३०

सुईदोराताई, तुम्ही विचारलंत तोच या शस्त्रक्रियेतला खरा प्रश्न. आणि उत्तर तुमच्याच धंद्यातलं आहे. रॉबर्ट वाइज नावाच्या अमेरिकन सर्जननं १९५६ मध्ये जो आराखडा मांडला, तो त्यानं ब्रेसियरच्या कापडाच्या बेतण्यावरनं बसवला होता. सपाट कापडातून कटोरी उभी करताना तुम्ही जशी पाचर काढता आणि कडा जुळवता, तसंच कातडीचं. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी रुग्णाला उभं करून पेनानं खुणा करतात. झोपवल्यावर सगळं बाजूला ओघळतं, म्हणून मापं उभ्यानंच घ्यायची. त्या बेतण्यातून टाक्याचा आकार उलट्या टीचा किंवा जहाजाच्या नांगराचा येतो. कमी वाढ असेल तर खालचा आडवा टाका टाळून नुसता उभा ठेवता येतो.

बोंड कापून वेगळं करत नाहीत. ते खालच्या किंवा वरच्या बाजूनं एका मांसल देठावर ठेवतात, त्या देठातूनच त्याला रक्त आणि जाणीव मिळते, आणि देठासकट ते नव्या जागी वर सरकवतात. फारच मोठ्या वाढीत देठ लांब होऊन रक्त पोचणार नाही असं असेल तरच बोंड काढून कलमासारखं लावतात. मग जाणीव आणि दूध दोन्ही जातं. नेहमीच्या पद्धतीत नंतर अंगावर पाजता येतं पुष्कळींना, पण हमी देता येत नाही. ज्यांना मूल व्हायचं आहे त्यांनी हे आधी बोलावं.

नर्सताई, १० जुलै, रात्री १०.२०

डॉक्टरांनी एक सांगितलं नाही ते मी सांगते. मिश्री! आपल्या भागात कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि फॉर्मवर "व्यसन नाही" लिहितात. मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोंडाकडं जाणारं रक्त कमी पडतं. टाके उघडतात, कधी बोंडाची कड काळी पडते. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद पाहिजे. पुरुषांनाही तेच, गुटखा-विडीसकट.

निपाणीकर, १० जुलै, रात्री १०.४०

आमच्या गावाचं नाव तंबाखूवरच, तेव्हा ही सूचना मी आमच्या गल्लीत वाचून दाखवणार. आमच्या मावशीला दात घासायला दुसरं काही चालतच नाही. आज तिला शेवंतीताईंची पोस्ट ऐकवली, तिचंही मानेचं तेच रडगाणं. गप्प बसून ऐकलं तिनं सगळं.

चिकोडीची_लेक, ११ जुलै, दुपारी ३.००

माझं थोडं वेगळं आहे. २१ वर्षांची असताना एकाच बाजूला चार महिन्यांत भराभर वाढ झाली, दोन बाजूंत डोळ्याला दिसेल एवढा फरक. गाठ हाताखाली निसटायची. सुईनं तुकडा काढून तपासलं, फायब्रोअडेनोमा (कर्करोग नसलेली साधी गाठ) निघाला, सात सेंटीमीटरचा. पाचच्या वर गेला की मोठा म्हणतात. फक्त गाठ सोलून काढली, बाकी स्तन तसाच ठेवला. वर्षभरात आकार भरून आला. आई अजून कुणाला सांगत नाही, लग्नाचं बघताहेत म्हणून. मी आज इथं सांगितलं, बरं वाटलं.

शल्यविशारद_मिरज, ११ जुलै, रात्री ९.००

बरं झालं लिहिलंत. भराभर वाढणाऱ्या गाठीत तुकडा तपासणं महत्त्वाचं, कारण फायलॉइड्स नावाची गाठ दिसायला तशीच असते आणि तिला भोवतालच्या थोड्या मांसासकट काढावं लागतं.

कॅम्पातला, १२ जुलै, सकाळी ९.१५

मला कागदाबद्दल बोलायचंय. माझ्या बायकोच्या वेळी संमतीपत्र कानडी आणि इंग्रजीत होतं. तिला दोन्ही वाचता येत नाही. ड्यूटीवरच्या मुलीनं "इथं सही" म्हणून बोट ठेवलं आणि तिनं केली. आपल्याच गावात राहून आपल्याला समजेल अशा भाषेत कागद मिळत नाही. १९५६ पासनं हेच चाललंय...

रोखठोक_गोकाक, १२ जुलै, सकाळी ९.५०

कॅम्पातले, शंभर टक्के. पाटीपासनं पावतीपर्यंत तीच कथा.

प्रशासक, १२ जुलै, सकाळी १०.३०

मंडळी, सीमाप्रश्नाचे स्वतंत्र धागे आहेत आणि ते जोरात चालू आहेत. इथं एका मुलाच्या ऑपरेशनचा प्रश्न आहे, विषयाला धरून राहूया.

नर्सताई, १२ जुलै, सकाळी ११.४०

प्रशासक, संमतीपत्र विषयातच येतं. काय करायचं ते सांगते. सहीच्या आधी म्हणायचं, "मला मराठीत समजावून सांगा, मग सही." तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगणं डॉक्टरांचं कामच आहे. आमच्या वॉर्डात निम्मा स्टाफ दोन्ही भाषा बोलतो, कानडी सिस्टर मराठी आज्जीला "दुखतंय काय वो?" विचारते. मागितलं की मिळतं. काय काढणार, काय ठेवणार, रक्त साठलं तर परत थिएटरात न्यावं लागेल का, खूण कुठं राहील, हे चार प्रश्न विचाराच.

कॅम्पातला, १२ जुलै, दुपारी १२.१५

ताई, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. लिहून ठेवतो.

शेवंती, १२ जुलै, रात्री ८.३०

पैशांचंही सांगून ठेवते. आमचा विमा होता. कंपनीनं "सौंदर्यासाठी" म्हणून दावा नाकारला. सात वर्षांची मानेची कागदपत्रं, पट्टा, एमआरआय असूनही. विम्याच्या अटींत सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण डॉक्टरांनी वैद्यकीय गरज म्हणून लिहून दिलं तर मांडता येतं. माझी चूक एवढीच की मी पत्र नंतर घेतलं. ऑपरेशनच्या आधी लेखी पूर्वमंजुरी मागा, हाडांच्या आणि कातडीच्या डॉक्टरांचे शेरे जोडा. आणि अंदाजपत्रकात भूल, थिएटर, जॅकेट, तपासणीला पाठवायचा खर्च, सगळं धरलंय का विचारा. आम्ही कर्ज काढलं, अजून फेडतोय. तरी परत वेळ आली तर परत करेन.

यळ्ळूरचा_मामा, २ ऑगस्ट, रात्री १०.००

तुमच्यामुळं कामाला लागलो. नेहरूनगरला केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलात दाखवलं, तिथं प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. कोल्हापूर, मिरज दोन्हीकडं ओळखी होत्या, पण नंतर ड्रेसिंगला पाच-सहा वेळा जायचं तर घरापासनं जवळ बरं, असं खानापूर_एक्सप्रेसनं फोनवर सांगितलं ते पटलं.

सगळ्या तपासण्या झाल्या. वृषणं, यकृत, थायरॉइड, हार्मोन, सगळं ठीक. सोनोग्राफीत दोन्ही बाजूला ग्रंथी, थोडी चरबी. गोळ्यांचं पाकीट बघून डॉक्टर भाच्यावर रागावले नाहीत, मला म्हणाले, "त्यानं तुम्हाला खरं सांगितलं, हे चांगलं झालं." आता तीन महिने थांबा म्हणाले, गोळ्यांचा परिणाम पूर्ण जाऊ दे, मग परत बघू.

आई अजून तयार नाही. "माझ्या नातवाच्या अंगावर सुरी नको" एवढंच म्हणते.

सुईदोरा, २ ऑगस्ट, रात्री १०.३०

मामा, आज्जींना सुरीची भीती नाही वाटत, नातवाची वाटते. त्याला स्वतःला बोलू द्या त्यांच्याशी. तुम्ही सांगितलं तर तो मामाचा हट्ट वाटतो.

पहाट, ३ ऑगस्ट, सकाळी ६.४५

एक विचारू? माझी मुलगी १३ ची आहे, वर्षभरात छाती फार वाढलीय, पाठीत वाकून चालते. तिच्यासाठीही आत्ताच करावं का?

शल्यविशारद_मिरज, ३ ऑगस्ट, रात्री ९.२०

पहाटताई, दाखवा नक्की, पण या वयात शक्यतो वाढ थांबेपर्यंत थांबतात, कारण लवकर केलं तर परत वाढू शकतं. तोपर्यंत मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा आणि पाठीचे व्यायाम. छाती फारच वेगानं वाढत असेल तर त्याला वेगळं नाव आणि वेगळा विचार असतो. आणि तिला सरळ चाल म्हणून ओरडू नका. ती वाकून लपवते आहे.

यळ्ळूरचा_मामा, १८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मंडळी, झालं. दिवाळी झाल्यावर परत दाखवलं, गाठ तशीच होती. आईला भाच्यानं स्वतः सांगितलं. स्वयंपाकघरात तिच्यासमोर शर्ट काढून उभा राहिला. आई भाकरी थापत होती, पीठाचे हात तसेच धरून बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं होतं आणि बोलला नाहीस?" दुसऱ्या दिवशी तिनंच देवाला नारळ ठेवला.

ऑपरेशन पूर्ण भुलीखाली. आधी बगलेजवळनं नळीनं चरबी ओढली, मग काळ्या कडेच्या खालच्या अर्ध्या गोलातनं ग्रंथी काढली. डॉक्टरांनी डबीत दाखवली, पिवळसर पांढरी, चिवट, लिंबाच्या फाकीएवढ्या दोन. बोंडाखाली थोडा थर मुद्दाम ठेवला म्हणाले, सगळं खरवडलं तर तिथं बशीसारखा खळगा पडतो. त्याच रात्री उजव्या बाजूला सूज वाढली. नर्सताईंनी रक्त साठण्याचं लिहिलं होतं म्हणून मी लगेच हाक मारली. रक्तच साठलं होतं, अकरा वाजता परत थिएटरात नेऊन काढलं. ती दीड तास वाट बघणं मी विसरणार नाही. सकाळी पोरगं हसत होतं. तपासणीचा रिपोर्ट आला, साधी ग्रंथी, वाईट काही नाही.

खानापूर_एक्सप्रेस, १८ नोव्हेंबर, रात्री ९.२५

मामा!! उद्या खाडे बाजारातनं कुंदा घेऊन येतोय. पैलवानाला सांगा, डाएट एक दिवस बाजूला.

रोखठोक_गोकाक, १९ नोव्हेंबर, सकाळी ७.००

मामा, जुलैत मी जे लिहिलं ते न समजता लिहिलं. पोरानं पाच वर्षं सोसलं आणि मी त्याला बैठका सांगत होतो. माफी असावी. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

यळ्ळूरचा_मामा, २८ डिसेंबर, रात्री ८.४०

रोखठोक, मनात काही ठेवू नका. सहा आठवडे झाले. डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितलाय, कुस्ती अजून दोन-तीन आठवड्यांनी. काल वस्तादांकडं गेलो होतो दोघं. वस्ताद म्हणाले, मला आधी सांगितलं असतंस तर नाव ठेवणाऱ्यांना मी बघितलं असतं. माती अजून नाही, पण आखाडा उकरायला फावडं धरायचं काम दिलंय त्याला. आज पहाटे पाचला उठून गेला, सांगायला लागलं नाही.

पहाट, २८ डिसेंबर, रात्री ९.०५

मामा, फार आनंद झाला. एक विचारते, ते जॅकेट किती घेतली होती? माझ्या भावाचं पुढच्या महिन्यात आहे.

यळ्ळूरचा_मामा, २८ डिसेंबर, रात्री ९.१५

दोन घ्या ताई, एक धुवायला एक घालायला. पुढनं चेन असलेलं बघा, पहिले दहा दिवस हात डोक्यावर नेता येत नाहीत. आणि मापाला भावाला घेऊनच जा, अंदाजानं आणलेलं आमचं पहिलं बदलायला लागलं.